लटारूच्या वासाचा पंचनामा

मंगळवार, २३ ऑगस्ट १९८३. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी चामोर्शीच्या तलाव मोजणी उपविभागाच्या व्हरांड्यात दोन पंचांनी हंगामी पाणीवाला लटारू रामटेके, वय एकतीस, याच्या काखांचा वास घेतला. आधी डावी, मग उजवी. पाऊस दीड वाजता थांबला होता. वीज दोन दहाला गेली होती. व्हरांड्यात हजर असलेल्या पाचही जणांचे कपडे अंगाला चिकटले होते. ही बाब पंचनाम्यात नमूद नाही.

पंचनामा करण्याचा आदेश उपविभागाचे प्रमुख, उपअभियंता मधुसूदन टिळेकर यांचा होता. टिळेकर सातारा जिल्ह्यातले. एक ऑगस्टला ते इथे रुजू झाले. त्यांच्या खोलीत टेबल, खुर्ची, पंखा आणि दोन खिडक्यांवर बाहेरून टांगलेल्या वाळ्याच्या ताट्या होत्या. टिळेकरांना वाळा माहीत होता तो माठातला. त्यांची आई उन्हाळ्यात वाळ्याची जुडी पाण्यात टाकत असे. खिडकीएवढा वाळा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि सरकार आपल्याला इतका सुगंध देते याचे त्यांना बरे वाटले.

या भागात ताट्या मार्चमध्ये लागतात. दर दोन तासांनी त्यांच्यावर पाणी मारायचे, म्हणजे बाहेरची झळ आत येताना गार आणि सुवासिक होऊन येते. जूनअखेर ताट्या उतरवतात, कारण पावसाळ्यात हवाच ओली असते आणि वाळा कुजतो. हे इथे कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून टिळेकरांनाही कुणी सांगितले नाही.

त्या वर्षी ताट्या का उतरल्या नाहीत याचे कारण कागदोपत्री स्वच्छ आहे. ताट्या घेतल्या १९८२च्या मार्चमध्ये, तेव्हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. उपविभाग गडचिरोलीत आला, ताट्या चंद्रपूरच्या सामान-नोंदवहीत राहिल्या. जून १९८३मध्ये मुख्य कारकून, म्हणजे इथले बडेबाबू, दादाजी गोहणे यांनी ताट्या उतरवण्याची परवानगी मागितली. गडचिरोलीच्या वरिष्ठांनी कळवले की ताट्या आमच्या नाहीत. चंद्रपूरच्या वरिष्ठांनी कळवले की कार्यालय आमचे नाही. दोघांनीही शेवटी एकच ओळ लिहिली होती: पुढील आदेश होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.

ताट्या आहेत तोवर पाणी मारणे आले, आणि पाणी मारायचे तोवर पाणीवाला आला. लटारू १५ मार्चपासून कामावर होता. याआधीच्या तिन्ही वर्षी तो जूनअखेर, एकशे आठाव्या दिवशी, घरी गेला होता. सलग दोनशे चाळीस दिवस हजेरी भरली तर कायम नेमणुकीचा प्रस्ताव पाठवता येतो, असे दादाजींनी त्याला जुलैत सांगितले. ताटीला रविवार कळत नाही, त्यामुळे लटारूच्या हजेरीत खाडा नव्हता. दोनशे चाळिसावा दिवस ९ नोव्हेंबरला येत होता. पंचनाम्याचा दिवस एकशे बासष्टावा.

ताट्या तोवर काळ्या पडल्या होत्या. पाणी मारले की त्यातून जुन्या पोत्याखाली उंदीर मेल्यासारखा वास खोलीत शिरे. कार्यालयातल्या चौघांना हे ठाऊक होते आणि चौघांनी तोंड शिवले होते. दादाजींचे म्हणणे असे, "वासाची नाकाले सवय होते. उपाशी राहाची पोटाले नाई होत."

टिळेकर मात्र शोधक होते. त्यांनी चौदा दिवस दैनंदिनीत नोंदी घेतल्या. वास अकरा, एक, तीन आणि पाच वाजता येतो. वास येण्याच्या आधी खिडकीच्या ताटीवर माणसाची सावली पडते. सावली लटारू रामटेकेची असते. सावली गेली की तासाभरात वास ओसरतो. शेवटी त्यांनी लिहिले: "वाळ्यासारख्या सुगंधी वस्तूलाही न दबणारा असा सदर इसमाच्या घामाचा दर्प आहे."

निरीक्षणात एकही चूक नव्हती.

सोळा ऑगस्टला लटारूला पहिली ताकीद मिळाली, आणि तिच्यासोबत कार्बोलिक साबणाची वडी. टिळेकर दुष्ट नव्हते. त्यांनी स्वतः त्याला काखेत तुरटी फिरवायला सांगितले, टेरिकॉटऐवजी सुती सदरा घालायला सांगितले. ते स्वतः टेरिकॉटचा सफारी घालत आणि दुपारपर्यंत त्यांच्या पाठीवर नकाशा उमटे. लटारूने सगळे केले. तो दिवसातून तीनदा अंघोळ करू लागला. कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी अंगावर घेऊ लागला. त्याची बायको मनकर्णा हिने सदरा रिठ्यात उकळला. ऊन नसल्याने तो चुलीवर वाळवला, त्यामुळे त्याला धुराचा वास आला. मग तो पुन्हा उकळला. त्या आठवड्यात चामोर्शीत लटारूइतका स्वच्छ माणूस बहुधा दुसरा नव्हता. वास होता तिथेच होता.

म्हणून पंचनामा. पंच वासाचे जाणकार असावेत अशी अट टिळेकरांनी घातली. दादाजींनी दोघांना आणले. एक सोमाजी, राइस मिलवरचा धानाचा पारखी. मूठभर धान तळहातावर चोळून, फुंकर मारून, हुंगून तो सांगत असे की पोते ओले बांधले की वाळलेले. दुसरी, रस्त्याच्या वळणावर सुकी मासोळी विकणारी सुगंधाबाई.

सोमाजीने सवयीप्रमाणे दोन्ही तळहात लटारूच्या काखेत चोळले, फुंकर मारली आणि हुंगले.

"लिंब," तो म्हणाला. "साबन. थोडा धूर. साहेब, हा मानूस नवरदेव करून उभा करा, कोनी नाई म्हननार नाई."

"आणि वास?" टिळेकरांनी विचारले.

"वास खोलीतून येऊन राह्यला जी. कोंदट. ओलं पोतं बांधून ठेवलं का असा..." सोमाजीचे नाक खिडकीच्या दिशेने वळले. तेवढ्यात दादाजींना मोठा खोकला आला. सोमाजीने दादाजींकडे पाहिले, मग लटारूकडे. लटारू जमिनीकडे पाहत होता. "...असा काहीतरी," सोमाजी म्हणाला. "धानाचं असतं तं सांगतलं असतं. हे धान नोहे."

सुगंधाबाईने लटारूला हुंगायला आधी नकारच दिला. "मले मासोळीचा वास कळते. मानूस कोन इकत घेते, का मी त्याचा वास शिकू?"

"बाई, सरकारी काम आहे," दादाजी म्हणाले.

तिने पदर नाकाला न लावता लटारूला हुंगले, दादाजींना हुंगले आणि, तुलनेसाठी लागेल असे म्हणत, कुणी अडवायच्या आत टिळेकरांनाही हुंगले. "साहेबाचा येते," ती म्हणाली. "वरून पावडर हाय, खालून घाम हाय. लपत नाई."

"हे लिहायचे नाही," टिळेकर म्हणाले.

"पंचाचं म्हणणं आहे साहेब," लिहून घेणारे दादाजी म्हणाले.

"तुलनेच्या रकान्यात लिहा. बारीक अक्षरात."

पंचनाम्याच्या शेवटच्या रकान्यात 'वासाचा उगम' असे छापून नव्हते. दादाजींनी तो हाताने आखला होता. त्यात त्यांनी लिहिले: चौकशीअधीन. सोमाजीने सही केली. सुगंधाबाईने अंगठा दिला आणि तो आपल्याच लुगड्याला पुसला.

टिळेकरांचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग केला. लटारूला कार्यालयापासून शंभर पावलांवर चिंचेखाली बसवण्यात आले आणि दिवसभर तिथून न हलण्याची तोंडी आज्ञा देण्यात आली. ताटीला कुणी पाणी मारले नाही. दुपारी ऊन पडले. चार वाजेपर्यंत ताट्या बऱ्यापैकी वाळल्या आणि वास निम्म्याने उतरला. टिळेकरांनी दैनंदिनीत दोनदा अधोरेखित करून लिहिले: सिद्ध.

शुक्रवारी, २६ ऑगस्टला, त्यांनी दादाजींना एक मसुदा दिला. त्यात लटारूच्या वतीने लिहिले होते: "माझ्या अंगास दुर्गंधी येते हे मला मान्य असून यापुढे मी योग्य ती दक्षता घेईन." सही केली तर सक्त ताकीद देऊन प्रकरण बंद. न केली तर सोमवारपासून कामावरून कमी.

दादाजींनी लटारूला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेले. "सही कर अन् मोकळा हो. ताकीद भेटली तं भेटली. ताटी राह्यते, तू राह्यते, अठ्याहत्तर दिवस आहेत बाकी."

तोवर पंच्याहत्तर उरले होते. लटारूने दुरुस्ती केली नाही.

"अन् ताटीचा वास आहे असं सांगतलं तं?" त्याने विचारले.

"तं ताटी उतरते. आदेश असो नसो, साहेब स्वतः फाडून टाकते. मंग तू कशाले पानी मारशीन? भिंतीले?"

"म्हणजे खरं सांगतलं तं जातो, अन् खोटं नाई सांगतलं तरी जातो."

"हो. म्हनून खोटं सांग. लहानसं तं आहे."

मसुदा घेऊन लटारू घरी गेला. त्याने तो मनकर्णाला वाचून दाखवला. ती भात उपसत होती. तिने हातातला झारा खाली ठेवला.

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचले.

"हे कागदावर राह्यते का?"

"फाइलीत राह्यते."

"किती दिवस?"

"कायमचं."

मनकर्णाने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "माया आज्याले गावचा पाटील म्हने, दूर उभा राहा, वास येते. तो तोंडानं म्हने. कागद नोहता. छप्पन साली माया बा चांद्याले दीक्षा घेवाले गेला, तवा नवा धोतर घेऊन गेला. तिथून आला तं म्हने, आता कोनी तसं म्हनलं तं इचारजो, कशाचा येते." तिने झारा उचलला. "अन् तुमी सही करून देता?"

"नोकरी कायमची भेटन, मनकर्णा. पेन्शन राह्यते."

"भेटू द्या. पन आपला नाई तो वास आपल्या नावानं काऊन लिहून द्याचा? तुमच्या अंगाले वास असता तं मी पहिली बोलली असती. बारा वर्ष झाले, मले का नाक नाई?"

"मंग ताटीचं सांगू?"

"ताटीचं बी नका सांगू. ताटी गेली तं खाचं काय?"

"मंग लिहू काय?"

"ते मले नाई ठाऊक," मनकर्णा म्हणाली. "सातवी तुमी शिकले."

सोमवारी, २९ ऑगस्टला, लटारूने मसुदा सहीविना परत केला आणि वहीच्या कागदावर लिहिलेला स्वतःचा खुलासा सादर केला. तो फाइलीत आहे. त्यातला मुख्य भाग असा: "वास येतो हे खरे आहे. तो माझा नाही. तो कोणाचा आहे हे मला माहीत आहे. परंतु ते सांगणे माझ्या कामाच्या विरुद्ध जाते, करिता मी सांगू शकत नाही. आपला विश्वासू."

टिळेकरांनी खुलासा तीनदा वाचला. मग त्यांनी दार लावून दादाजींना बोलावले आणि आवाज खाली आणून विचारले, "हा कुणाला पाठीशी घालतोय?"

दादाजींना पुन्हा खोकला आला. टिळेकरांना तेच उत्तर वाटले.

लटारूला कमी करण्याचा विषय त्या दिवसापासून मागे पडला. साक्षीदाराला कमी करता येत नाही, असे टिळेकरांनी टिपणीत लिहिले. त्यानंतरचे आठ आठवडे कार्यालयाचे खऱ्या वासधन्याच्या शोधात गेले. सप्टेंबरात चारही कर्मचाऱ्यांना कार्बोलिक साबण वाटण्यात आला. सकाळी साडेदहाला हजेरीबरोबर प्रत्येकाने टिळेकरांच्या टेबलासमोरून हात वर करून जायचे, अशी पद्धत सुरू झाली. नकाशे उतरवून काढणारा अनुरेखक दुर्योधन मडावी याने या कवायतीला 'जनगणमन' असे नाव दिले. दादाजी सर्वांत शेवटी जात आणि त्यांचे नाव टिळेकरांच्या दैनंदिनीत प्रश्नचिन्हासह सहा वेळा आहे. मोजणीचे काम या काळात तीन तलावांनी मागे पडले.

अकरा, एक, तीन, पाच. लटारू पाणी मारत राहिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उकाडा परतला तेव्हा ताटीच्या खालच्या कडेला भूछत्रे उगवली. लटारूने ती दररोज सकाळी, साहेब यायच्या आधी, खुडून टाकली.

फाइल मार्गदर्शनासाठी दोन्ही जिल्ह्यांना पाठवली गेली. गडचिरोलीने विचारले की सदर वास कोणत्या जिल्ह्याच्या सामान-नोंदवहीत नोंदला आहे. चंद्रपूरने उत्तर दिले नाही.

दसऱ्यानंतर थंडी पडली. आता खिडकीतून येणारा ओला वारा टिळेकरांच्या थेट मानेवर येत होता. त्यांनी मफलर गुंडाळला, मग हातांत मोजे घातले. पण ताटीवर पाणी मारणे थांबवा असे ते म्हणाले नाहीत. इथली ती पद्धत असावी, असे त्यांनी घरच्या पत्रात लिहिले. २२ ऑक्टोबरला त्यांना सर्दी झाली आणि नाक पूर्ण बंद झाले. २४ ऑक्टोबरची नोंद: "वास नाहीसा. उपाययोजनांचा परिणाम दिसतो." हात वर करण्याची कवायत बंद झाली. दादाजींनी साहेबांच्या टेबलावर कुणीही सुंठ, ओवा किंवा निलगिरीचे तेल आणू नये, असे सर्वांना हळूच सांगितले.

"साहेबाचं नाक दोन हप्ते बंद राह्यलं पाह्यजे," मडावी म्हणाला. "मी म्हनतो, डोक्यावर बी पानी मारा."

"चूप रे," दादाजी म्हणाले. पण पंखा चालू ठेवला.

बुधवार, ९ नोव्हेंबर. दोनशे चाळिसावा दिवस. लटारू सव्वानऊला आला. त्याने मनकर्णाने इस्तरी केलेला पांढरा सदरा घातला होता. हजेरीपटावर साहेबांची सही संध्याकाळी साडेपाचला होते, आणि सही झाल्याशिवाय दिवस भरत नाही. सकाळच्या टपालात चंद्रपूरचा एक लिफाफा आला. विषय: वाळ्याच्या ताट्या. दादाजींनी तो उघडला नाही. तो त्यांनी पेपरवेटखाली ठेवला आणि त्यावर पानाचा डबा ठेवला. आज टपाल साडेपाचनंतर उघडेल, असे ते कुणी न विचारता म्हणाले.

अकराला पाणी मारले. एकला मारले. तीनला मारले.

तीन वीसला टिळेकरांना सात शिंका आल्या. मडावीने त्या बाहेरून मोजल्या. सातव्या शिंकेनंतर नाकाने लांब श्वास ओढल्याचे ऐकू आले. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

लटारू तेव्हा कार्यालयात नव्हता. दादाजींनी त्याला चहा आणायला नाक्यावर पाठवले होते. ताटीवर कुणाचीही सावली नव्हती. टिळेकर खिडकीजवळ गेले, परत टेबलाशी आले, दैनंदिनी उघडून ऑगस्टची पाने पाहिली आणि पुन्हा खिडकीजवळ गेले. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून त्यांनी तळवा ताटीवर दाबला. मग तो नाकाशी नेला. दादाजी हे दारातून पाहत होते. त्यांना खोकला आला नाही.

तीन पस्तीसला लटारू चहाची किटली घेऊन आला. टिळेकर दारात उभे होते. त्यांच्या तळहातावर काळे लागले होते.

"रामटेके, आत या," ते म्हणाले.

रुजू झाल्यापासून त्यांनी लटारूला आत बोलावण्याची ही पहिली वेळ. लटारूने किटली पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि आत गेला. दार लागले. आत काय बोलणे झाले ते बाहेर ऐकू आले नाही.

पाचच्या पाण्याची बादली भरून खिडकीखाली ठेवलेली आहे. हजेरीपट दादाजींच्या टेबलावर उघडा आहे, नऊ तारखेचा रकाना कोरा. लिफाफा पानाच्या डब्याखाली आहे. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत दार उघडलेले नव्हते आणि ताटीवर पाणी पडलेले नव्हते.